पायाळू पोरीचा पाय

१२ नोव्हेंबर
डावा पाय पुन्हा मुरगळला. गिरडला एसटी रिव्हर्स घ्यायची म्हणून खाली उतरले. नेहमीसारखी मागच्या बाजूला उभी राहून पत्र्यावर थाप मारत होते, तेवढ्यात चाकोरीच्या कडेवर पाय पडला आणि आत वळलाच. बसले मातीत. थाप थांबली की गाडी थांबवायची हे ड्रायव्हर ठाकरेभाऊंना पक्कं माहीत, म्हणून बरं. खिडकीतून ओरडले, "कंडक्टर मॅडम, थाप काऊन बंद झाली? हायेत का गेल्या?"
हाये म्हटलं, जाते कुठं.
घरी मायनं दारातूनच पाहिलं. पाणी नाही, चहा नाही, पहिला शब्द : "मयू, ये वं बाई, तुह्या मायले पाय लाव." माझी लेक मयू पायाकडून जन्मलेली. पायाळू. माझा पाय वळला की तिनं तळपाय तीनदा लावायचा आणि मग माझ्या पाया पडायचं, कारण आईला पाय लावला. पाच वर्षांची होती तेव्हापासूनची रीत. आता एकोणीसची घोडी झाली तरी तेच. लावला, पाया पडली, हसली.
पण चालताना ती पण लंगडत होती. विचारलं तर म्हणे, "काई नाई, बूट चावते." खोटारडी. शेवटी एकाच बादलीत मिठाचं गरम पाणी, दोघींचे पाय. माझा डावा, तिचा उजवा. अशोक, नवरा माझा, पाहून म्हणाला, "दोघी मिळून एक धड बाई होते."

१५ नोव्हेंबर
शेजारच्या शांताबाईंना कमरेत उसण भरली. सकाळीच हजर, ओट्यावर पालथ्या. मयू पोलीस भरतीची रनिंग करून घामेघूम आलेली, तशीच पाय लावून आत गेली. अशोक कापसाच्या जिनिंगला कामावर निघता निघता, "आमच्या घरी मुफत दवाखाना उघडला."
त्याला हे कधी पटलं नाही. मला? पटतं का नाही हे मी स्वतःला कधी विचारलंच नाही. सूज उतरायची, ड्युटीला जायचे.
मयूचा घोटा अजून सुजलेला. माय म्हणे, "हिच्या पायाले कोण लावीन? दुसरं पायाळू गावात नाई." मयूनं स्वतःचाच डावा उजव्याला लावून पाहिला आणि पडता पडता वाचली. खूप हसलो तिघी.

२१ नोव्हेंबर
वर्धा. हाडांच्या डॉक्टरीणबाई, वयानं लहानच. टाच एका हातात, नडगी दुसऱ्या हातात, आणि पाय पुढं ओढला. दाराची बिजागरी ढिली व्हावी तसा सरकला. माझं मलाच कसंतरी झालं.
"किती वर्षांपासून?"
"नोकरी लागली तवापासून."
"आणि इलाज काय केला?"
मी भिंतीकडे पाहत राहिले. मयू म्हणाली, "मी पाय लावत होती."
डॉ. बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, मुरगळलेला पाय थोड्या दिवसांनी आपोआप बरा वाटतोच. सूज जाते, पण बाहेरच्या बाजूची, हाडं बांधून ठेवणारी दोरी ढिलीच राहते. तेव्हाच पट्टा, आराम, व्यायाम मिळाला असता तर कदाचित. कदाचितवर थांबल्या.
मग मयूला म्हणाल्या, तू पण बस. तिचाही पाय तसाच सरकला. पण फोटोत तिचा सांधा आतून चांगला आहे. दोघींचं दुर्बिणीतून करता येईल म्हणे, दोन बारीक भोकं, दोरी घट्ट करायची. "हिचं आत्ता केलं तर फायदा जास्त. असंच पळत राहिली तर आईसारखं होईल."
मयू : "माही पोलीस भरती हाय. पाय बांधून बसली तर मैदानाची चाचणी गेली. पहिले आईचं करा. आई धड चालली तर मी करतो."
गाडीत शेजारी बसली, समुद्रपूरपर्यंत पाय सीटखाली ओढून.

२३ नोव्हेंबर
शांताबाईंचा जावई मान धरून आला. मयूनं पाय लावला नाही. "दवाखान्यात जा भाऊजी." मायचा संताप. "देवानं देल्लं ते नाई म्हणू नाई पोट्टे!" मयू आतून कडी लावून बसली.
दाराशी गेले. म्हटलं, अगं जेव तरी. "भूक नाई."
काय समजायचं ते समजले. तिला वाटतं, माझा पाय तिच्या पायानं बिघडला. पाच वर्षांच्या लेकराला मी सांगितलं होतं लाव म्हणून. हे तिला कसं सांगावं?

९ डिसेंबर
माझं ऑपरेशन काल झालं. कमरेखाली बधिर, वर पूर्ण जागी. डॉ. बाई म्हणाल्या, बघायचं असेल तर टीव्हीकडे बघा. बघितलं. माझ्याच पायाच्या आत पांढरं पांढरं, पाणी वाहतंय, आणि एका ठिकाणी सरकीला रुई चिकटून राहते तसे धागे लोंबतायत. मला वाटलं हीच ती दोरी. डॉ. बाईंनी त्या धाग्यांपाशी दुर्बीण परत परत नेली.
नंतर राउंडला आल्या तेव्हा सांगितलं. दोरी नीट शिवली, पाय आता तसा वळणार नाही. पण ते धागे म्हणजे सांध्याची गादी, इतक्या वर्षांत घासून गेलेली. साफ केली. नवी होत नाही. "दुखणं किती जाईल ते मी आत्ता सांगू शकत नाही, ताई."
अशोक चहा आणायला गेला होता. मयू खाली औषधं घ्यायला. मी म्हटलं, लेकीला सांगू नका.
"तिच्या पायाबद्दल ती विचारेल ते मी खरंच सांगेन. तुमच्या पायाचं तुम्ही सांगा."
बरोबर आहे त्यांचं. पण मी सांगणार नाही. मी धड चालले तरच ती तयार होईल. तिच्या तोंडचे शब्द आहेत.

१४ डिसेंबर
घर. पायाला प्लास्टरचा स्लॅब. कुबड्या. मयू माझं सगळं करते, न्हाणीपर्यंत नेते. पहाटे तरी पळायला जातेच. आल्यावर बूट काढला तरी मोजा काढत नाही, मला घोटा दिसू नये म्हणून. मी पलंगावरून पाहते, मला दिसत नाही असं दाखवते.

१९ डिसेंबर
ठाकरेभाऊ येऊन गेले. पिशवीभर संत्री. माझ्या जागी नवीन पोरगा दिलाय, रिव्हर्सला खाली उतरत नाही. सीटवरूनच "येऊ द्या, येऊ द्या" करतो. "मॅडम, त्याच्या येऊ द्यावर मी गाडी घेत नाई. मीच उतरून पाहून येतो. तुमी कवा येता?"
सांगितलं, कापूस संपायच्या आत. खूप बरं वाटलं. मग ते गेल्यावर रडू आलं, उगीच.

२ जानेवारी
स्लॅब गेला, दवाखान्याचा पट्ट्यांचा बूट आला, आता बूट पण थोडा वेळच. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दोन गोष्टी दिल्या. एक, अंगठ्यानं हवेत बाराखडी काढायची. क का कि की. दोन, डाव्या पायावर एकटं उभं राहायचं, उजवा उचलून. बाराखडी जमली. उभं राहणं नाही. आत खडे भरल्यासारखं दुखतं. भिंत धरली तरी नाही.
मयूनं विचारलं, "कसं वाटते?"
"एकदम मस्त."

१५ जानेवारी
संक्रांतीचं हळदीकुंकू. ठरवून गेले. कुबडी घरी ठेवली. मयू सोबत. चार घरं केली, प्रत्येक ओट्याच्या पायऱ्या चढले-उतरले, बायका म्हणाल्या, "अवं छाया, तू त पळून राह्यली!" मी म्हटलं दुर्बिणीतून केलं की असंच. जरा मोठ्यानंच म्हटलं. मयू वाणाची पिशवी घेऊन मागून येत होती.
घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून बसले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पाय सुजून कोहळा झाला होता. अशोकनं दार वाजवलं, "पाणी वाया चाललं." त्याला सांगितलं शेवटी. तो उंबऱ्यावरच बसला. मग आत येऊन माझा पाय मांडीवर घेतला. कधी घेतला नव्हता असा. म्हणाला, "किती नाटक करशीन?"
होईल तितकं.

२८ जानेवारी
मयूचा पाय आज शाळेच्या मैदानावर वळला. सोबतच्या पोरींनी उचलून आणलं. मी म्हटलं, मला बघ, कशी चालते, कर ना आता. "मैदान होऊ दे, आई. एकदाच. मंग करतो." आणि माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मी उठून उगाच चूल पुसायला लागले. चूल नाही, गॅस. गॅस पुसलेलाच होता.

६ फेब्रुवारी
डॉ. बाईंची तपासणी. मयूला आणलं नाही, क्लास आहे म्हणून थाप. डॉ. बाईंनी स्पष्ट लिहून दिलं : चालत्या गाडीत उभं राहून काम नको. घोटा स्थिर आहे, पण झटके सोसणार नाही.
"पुढं?"
"पुढं बघू. काही जणांना कमी होत जातं."
डेपोत साहेबांनी वाचलं, भला माणूस. चौकशी खिडकी देतो म्हणाले. बसून काम.
इतकी वर्षं उभी राहिले. आडव्या रॉडला पाठ, सीटच्या पायाला बूट टेकवून, तिकीट फाडताना दोन्ही हात मोकळे. झोपेत सुद्धा मला गाडी कुठल्या गावच्या पुलावर आहे ते कळायचं. संपलं ते. सही करताना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. हे कोणापुढे बोलता येत नाही, बसायला मिळालं तर लोक पेढे मागतात.
घरी सांगितलं, मीच मागून घेतली. कंटाळले धुळीला. माय खूश. मयू माझ्या पायाकडे पाहत होती.

१९ फेब्रुवारी
खिडकी. "वर्धा किती वाजता?" "आर्वीची लागली का?" "बाई, नागपूर कुठून लागते?" दिवसभर हेच. मागच्या बाजूला गाड्या रिव्हर्स होतात, पत्र्यावरच्या थापा ऐकू येतात. ठप ठप ठप. ठाकरेभाऊंच्या गाडीला आज कोणीच थाप मारली नाही. उठले होते, मग बसले.

२४ फेब्रुवारी
अवकाळी. गारा, वीज. उभा हरभरा झोपला असेल लोकांचा. वीज कडाडली की मायनं मयूला ओढून मधल्या खोलीत कोंबलं, पायाळूवर वीज पडते म्हणून. लहानपणापासूनचं आहे. मयू एरवी हसते, आज हसली नाही. म्हणाली, "आजी, माह्या पायात काईच नाई. ना इलाज ना वीज. सोड आता."
माय बिचारी हात सोडून उभी राहिली.

८ मार्च
मैदानाचं बोलावणं आलं मयूच्या मोबाइलवर. गावातल्या पोरी नाचल्या ओट्यावर. मीही साखर वाटली. आता हे होईपर्यंत गप्प बसायचं, मग तिला वर्ध्याला न्यायचंच, असं अशोक आणि मी ठरवलं. तोवर घोटा टिकला पाहिजे तिचा. आतली ती पांढरी गादी. मला ती डोळे मिटले की दिसते, माझी नाही, तिची.

१४ मार्च
मयू म्हणाली, मैदानाला जात नाही. वर्ध्याची तारीख घेतली.
मी सारवासारव करायला गेले, अगं बघ, मी कशी चालते, तू पण मैदान मारून मग... तिनं मध्येच तोडलं. काय बोलली ते जसंच्या तसं लिहिते, कारण विसरायचं नाही मला.
"आई, तू पायऱ्या आडव्या उतरतं. न्हाणीत नळ सोडतं. आन् ज्या दिवशी तू खिडकी घेतली ना, त्या दिवशी मले समजलं. तू जिंदगीत बसून काम मागणारी बाई नोहोय."
म्हटलं, मग बोलली काऊन नाही?
"तू इतकी मेहनत करून राह्यली होती."
मग म्हणाली, "तुहा पाय बरा झाला असता त मी अजून एक भरती पळली असती. सोपं हाय म्हणून मागं ढकललं असतं. तुहा पाहून म्हटलं, नाई. आताच."
एवढं नाटक मी केलं. संक्रांत, पायऱ्या, एकदम मस्त. त्यानं काही झालं नाही. झालं ते माझ्या बिघडलेल्या पायानं. आनंद मानावा का काय करावं. ती तयार झाली, हेच मागत होते ना मी?
मीही तेव्हाच बोलून टाकलं, नोव्हेंबरपासून अडलेलं. म्हटलं, माझा पाय तुझ्यामुळे नाही बिघडला. तू लेकरू होतीस. लाव म्हणणारी मी होते. दवाखाना माझ्या रोजच्या वाटेवर होता.
ती म्हणाली, "माहीत हाय." पण मान खाली. माहीत असणं वेगळं.

२७ मार्च
मैदान झालं. गावातल्या दोघी पळून आल्या, एकीचं जमेल असं वाटतं. मयूनं तिला स्वतःचे बूट दिले होते. ते परत आणून ठेवले तिनं ओट्यावर, धुळीनं भरलेले. मयू बराच वेळ कापडानं पुसत बसली.
पुढच्या भरतीत वय बसेल का, पाय तेवढा होईल का, कोण सांगणार. डॉ. बाईंनी सुद्धा "बहुतेक" म्हटलं, "नक्की" नाही म्हटलं.

१० एप्रिल
ऊन असं की वॉर्डातले पंखे गरमच हवा फिरवतात. मयूला हिरवा गाऊन. उजव्या घोट्यावर डॉ. बाईंनी पेनानं बाण काढला, पाय चुकू नये म्हणून. मी म्हटलं बघा, गादी बघा आधी. त्या म्हणाल्या, "आत गेल्यावरच कळेल ताई. फोटोत चांगली आहे. पण नोव्हेंबरनंतर ती बरीच पळलीय."
हीच भीती होती मला, तरी गप्प बसले होते. पळू दिलं होतं मी. अशोकनं माझा हात धरला.
माय घरून निघताना म्हणाली होती, तुझ्या लेकीच्या पायाले कोणी लावलं नाई आजवर. तेव्हा चिडले होते मी तिच्यावर.
स्ट्रेचर यायला उशीर होता. मयू पलंगावर बसली होती, पाय खाली सोडून. एकदम म्हणाली, "आई, तू लाव."
"काय?"
"पाय. माह्या पायाले."
"मी पायाळू नाही, बाई. मी डोक्याकडून आली."
"माहीत हाय. मी होती त काय झालं? लाव. बरा पाय लाव, दुखरा नोको."
बरा म्हणजे उजवा. उजवा उचलायचा तर डाव्यावर उभं राहायचं. जानेवारीपासून जमलेलं नाही. पलंगाची कड धरली. उचलला. आतून सणक गेली ती डोक्यापर्यंत, दात दाबून धरले. तळपाय तिच्या घोट्यावर टेकवला, बाणाच्या बाजूला, शाई पुसू नये अशा बेतानं. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी पाय लटपटला तर तिनं दोन्ही हातांनी माझी कंबर धरली. ती धरून होती म्हणून तिसरी वेळ झाली.
मग मी वाकले आणि तिच्या पायाला हात लावून कपाळी नेला. रीत आहे. ज्यानं पाय लावला त्यानं पाया पडायचं.
"आई! काऊन वं?"
स्ट्रेचर आलं.

त्याच दिवशी, बाकावर
दार बंद आहे. आतल्या टीव्हीवर आत्ता डॉ. बाई तिची गादी बघत असतील. पांढरी असेल. गुळगुळीत असेल. अशोक पाणी आणायला म्हणून गेला तो मघापासून जिन्यातच उभा आहे. माझा डावा पाय चप्पलमध्ये मावत नाही. दार उघडलं की उठायचं आहे, म्हणून चप्पल काढून ठेवली आहे. दार उघडतंय.